दिवेलागणीची डबी

पुढे सरका, मंडळी, पुढे सरका! मागे भिंतीला टेकलात की डोळे मिटतात, आणि घरी जाऊन सांगता — समाधी लागली होती! तर आज एकच प्रश्न. दिल्यानं घरातलं कमी होतं का हो? थांबा, लगेच माना हलवू नका. आधी द्वारकाकाकूंना विचारू.

कोकणातली डोंगरउतरणीवरची वाडी. मोबाइलला रेंज नाही. इंटरनेटची तार दोनच घरांत — खाली गुरवांकडे, मध्ये काकूंकडे. मग वाडीनं मिळून युक्ती केली. प्रत्येक छपरावर एक डबी! या डबीनं त्या डबीला द्यायचं, तिनं पुढच्या घराला. कुंपणावरून साखरेची वाटी जाते ना, तसं! एकाची तार तुटली, तर दुसऱ्याचं आपसूक येतं.

पण काकूंचा नेम कडक! तिन्हीसांजेला विरजण देऊ नये, मीठ देऊ नये — घरची लक्ष्मी जाते. मग नेट कसं द्यायचं? देवापाशी दिवा लागला, की छपरावरच्या डबीचं बटण — खट्! काकूंचं आपल्या तारेवर चालू, वरच्या घरांचं बंद!

वरच्या घरची शेवंती म्हणायची, "काकू, ह्यांचा बोटीवरून फोन संध्याकाळीच येतो हो. पोर वाट बघत बसतं."

"मग सकाळी ने की लागेल तेवढं!"

"भरून ठेवायला ते काय पाणी आहे, काकू?"

आणि पोराला कडेवर घेऊन ती निघायची — वर, रेंजच्या खडकाकडे; तेवढ्या एकाच जागी रेंज मिळायची. काकू वाईट नव्हत्या हो! घावन केले की पहिले शेवंतीकडे. फक्त... दिवे लागायच्या आत!

अशात काकूंच्या नातीचं बारसं आलं. लेक कुंदा मस्कतला. काकूंचे गुडघे विमान चढू देईनात. ठरलं — पाळणा आजीच म्हणणार, फोनवरून! दुपारभर फोनवर सूचना: "झालर लाव गं! कुंची कुठंय?" सांज झाली. काकू नवं लुगडं नेसल्या, दिवा लावला, आणि सवयीनं बटण — खट्!

फोनमधली कुंदा तोंड उघडं ठेवून थिजली! मग तीही गेली. नुसतं चाक फिरतंय, गरागरा!

काकू अंगणात धावल्या. "शेवंते, माझं नेट मेलं गं! तिकडं नाव ठेवतील, आणि मी इथं!"

खडकाकडे निघालेली शेवंती थांबली. "काकू, तुमची तार दुपारीच वानरांनी तोडली. झोके घेत होती मेली! सांगायला आले, तर तुम्ही झालर लावण्यात दंग. म्हटलं, चाललंय ना!"

"तार तुटली? मग दुपारभर मी बोलले ते?"

"गुरवांचं येत होतं. तुमच्या डबीतून."

काकू हळूच म्हणाल्या, "आता तिन्हीसांजेला मागू कशी गं त्यांच्याकडे?"

"मागायचं कशाला, काकू? त्यांनी बंद कुठं केलंय?"

खट्!

"आई! कुठं गेलीस? सगळे खोळंबलेत!" कुंदा हलली! काकूंनी सूर लावला — कसला? फाटका! बाळ दचकलं, रडलं, आणि मग ऐकत राहिलं. पाळण्याच्या मधल्या श्वासाला शेवंतीच्या हातातला फोन वाजला. कडेवरचं पोर ओरडलं, "बाबा!" काकूंचा आवाज तिथं जरासा ओला झाला. पण पाळणा थांबला नाही, हं!

हसताय? तुम्ही डबी नसाल बंद करत. पण सांजेला कुणी दाराशी आलं, की आतून 'घरी नाहीत' सांगणारे... नाव घेत नाही, तिसऱ्या खांबाशी बसलेत! अहो, हात मागाहून जोडा. आधी त्या बटणावरचं बोट काढा — आणि मग होऊ दे गजर!