चाराच्या पाच खोल्या

आता मला सांगा, सोताच्याच चाळीवर सोताच तक्रार करनारा मालक तुमी कवा बघितलाय? न्हाई ना? मग पलूसला या, आमचे भूपाल अण्णा दावतो! तुमास्नी सांगतो, वडलांनी बांधलेली जुनी चाळ, चार खोल्या भाड्यानं दिलेल्या आनि पाचवीत सोता अण्णा आनि त्रिशलाकाकू. आनि मंजुरी किती खोल्यांची? चार! मग चाराच्या पाच झाल्या कशा?... कुनी इचारलंच न्हवतं!

पर अण्णांना लेकासाठी रस्त्याकडची खोली पायजे हुती, दुकानाला. तितं बनुबाई, सगळ्यात जुनी भाडेकरीन, एकटी म्हातारी. ती हलंना. मग अण्णांनी काय करावं? नगरपंचायतीत अर्ज! "बनुबाईची खोली जादाची हाय, पाडून टाका!" पाडून टाका म्हनं! म्हातारी रडत आली, "अण्णा, ह्या वयात कुटं जाऊ वो मी?" अण्णा आपलं आढ्याकडं बघत बसलं.

आला साहेब, टेप घिऊन. "चाराच्या पाच झाल्या कशा?" अण्णांचं बोट लगीच बनुबाईच्या दाराकडं! साहेबानं जुना नकाशा उलगडला, सगळी चाळ मोजली, आनि म्हनला, "आजींची खोली मंजूर आहे."

"आँ? मग जादाची कुठली?"

साहेब गेला त्यो थेट अण्णांच्या उंबऱ्यात! "ही. इथं नकाशात गोठा आहे."

गोठा!! आवं, अण्णांचं तोंड जे उघडलं ते मिटंचना! आतनं काकू वराडली, "म्हंजी मी इतकी वर्सं गोठ्यात सैपाक करतीया?"

"साहेब, मी मालक हाय वो!"

"असाल की. पण जादाची खोली पाडा, असा अर्ज तुमचाच ना?"

अण्णा मटकन खाली बसलं. चाराच्या पाच झाल्या कशा, चाराच्या पाच झाल्या कशा... येवढंच पुटपुटाय लागलं. पानी कुनी दिलं? बनुबाईनं! वर म्हनली, "दुसरी सोय हुईस्तवर दोगं माझ्याकडं ऱ्हावा."

तर आता लाखाच्या चाळीचा मालक रोज सांजच्याला तिच्या दारात चपला काढतो, आनि हळूच इचारतो, "आत यऊ का?"

ती आतनं म्हनती, "या की अण्णा, घर तुमचंच हाय!"

आता ह्याच्यावर मानसानं बोलावं तरी काय?... जात्यात बिचारं आत, मान खाली घालून.