ब्रेक माझ्या पायाखाली होता

नाही, पण मी म्हणतो, क्लच सोडता येत नाही तर माणसानं दुसऱ्याची गाडी जप्त करायला यावंच कशाला? आं? सांगा ना! हसताय... हसा! माझा वासलेला आ अजून मिटलेला नाही, बायको म्हणते मिटा आता, माशी जाईल, पण मिटणार कसा? अहो, गाडी गेली माझी! डोळ्यांदेखत! आणि गेली तेव्हा ब्रेक माझ्या पायाखाली होता!

आता तुम्ही म्हणाल, ब्रेक तर चालवणाऱ्याच्या पायाखाली असतो. असतो ना! पण मी पडलो ड्रायव्हिंग शिकवणारा, माझ्या गाडीत ब्रेक दोन, एक शिकणाऱ्याला आणि एक बाजूच्या सीटवर मला. लोकांची घरं ॲक्सिलरेटरवर चालतात, माझं ब्रेकवर चालतं! आणि शिकाऊ मंडळींनी गचके देऊन देऊन माझी पाठ अशी कामातून घालवली की डॉक्टरांनी सांगितलं, पडून राहा. पडून राहिलो. शिकवणी बंद, हप्ते थकले. फायनान्सच्या ऑफिसातून एका ताईंचा फोन यायचा, आवाज असा मधाळ... ‘सर, आपला हप्ता राहिलाय, स ऽ र.’ मी म्हणायचो, ‘या आठवड्यात नक्की, ताई.’ दर फोनला मध थोडा थोडा कमी होत गेला आणि मग फोनच बंद झाले. मी बायकोला म्हटलं, बघ, समजून घेतलं की नाही त्यांनी? समजून घेतलं म्हणे!

तर परवा सकाळी, पाठ जरा बरी वाटली म्हणून पहिलाच तास घेत होतो. ड्रायव्हिंग सीटवर हेडबाई. हेडबाई म्हणजे आमच्या समोरच्या, शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आता निवृत्त. उंची बेताची, म्हणून उशी घेऊन बसतात. परीक्षेत दोनदा रिव्हर्सला नापास झाल्यात, तिसरी परीक्षा तोंडावर आलेली. त्यांनी नुकती किल्ली फिरवली, आणि खिडकीशी एक माणूस येऊन उभा. दोन दारांच्या कपाटाएवढा! आवाज मात्र एकदम मवाळ. ‘साहेब, माफ करा हं, फायनान्सकडून आलोय. गाडी न्यायची आहे.’

मी काही बोलणार, तेवढ्यात हेडबाई कडाडल्या, ‘मध्येच? माझा तास चाललाय! दार वाजवून यायची पद्धत आहे की नाही?’ आणि तुम्हाला सांगतो, त्या कपाटानं घाबरून खिडकीच्या काचेवर खरंच टकटक केली! शेवटी असं ठरलं की बाई उतरणार नाहीत, मागच्या सीटवर बसून तास पुरा करतील. त्या उशीसकट मागे गेल्या. मी उतरलो. किल्ली दिली. हात थरथरत होता माझा, त्याचाही थरथरत होता. मला वाटलं, सहानुभूती! कसली सहानुभूती? त्याला गाडी चालवता येत नव्हती!

म्हणजे यायची, पण ऑटोमॅटिक! ‘मी नेहमी टोइंगच्या गाडीनं नेतो हो साहेब, तो टोइंगवाला आज आलाच नाही, आणि आमचे बॉस म्हणाले, गाडी आणल्याशिवाय तोंड दाखवू नकोस.’ असं म्हणून त्यानं गिअर टाकला. खर्रर्र! माझ्या अक्कलदाढेत कळ गेली! मग गाडीनं उडी मारली, बंद. पुन्हा उडी, पुन्हा बंद. गॅलऱ्यांमधून माणसं जमली. पुढे ‘शिकाऊ’ची पाटी, मागे हेडबाई, आणि माझी गाडी बेडकासारखी! पुन्हा खर्रर्र! आता मला सांगा, तुमच्या पोराला कुणी असं पिरगाळलं तर बघत उभे राहाल? मी दार उघडलं, बाजूच्या सीटवर बसलो आणि म्हणालो... काय म्हणालो? ‘घाबरू नका. क्लच हळूहळू सोडा.’

अहो, सवय! इतक्या वर्षांची सवय, मेली जाते कुठे? आणि ब्रेक माझ्या पायाखाली!

‘आरसा बघा. खांदे सैल. गिअरकडे नका बघू, तो कुठे पळून जात नाही.’ गाडी निघाली. गल्लीच्या तोंडाशी आली. ‘कुठे जायचंय?’ मी विचारतोय! मी! तो म्हणतो, ‘आमच्या यार्डात.’ मी म्हणतो, ‘मग आत्तापासून इंडिकेटर द्या.’ चढावरच्या सिग्नलला गाडी मागे घसरायला लागली, मागे ट्रक, त्याला फुटला घाम, हेडबाईंनी घेतले डोळे मिटून, आणि मी... मारला ना ब्रेक! एकदाच मारला आख्ख्या रस्त्यात, तोही कशासाठी? गाडी सुखरूप त्यांच्या यार्डात पोचावी म्हणून!

तो म्हणाला, ‘साहेब, मला आजवर असं नीट कुणी शिकवलंच नाही हो. सगळे ओरडतातच.’ झालं! पाघळलो! मी त्याला गोल चौकातून दोन चकरा मारायला लावल्या, सरावासाठी! पेट्रोल माझं! मागून हेडबाई फणकारल्या, ‘ह्याला जमतं, मग मला का नाही जमत?’ मी म्हटलं, ‘बाई, तो ऐकतो.’

पत्र्याचं फाटक, आत ओळीनं गाड्या, धुळीनं माखलेल्या, कुणाच्या काचेला अजून लहान मुलाचं स्टिकर चिकटलेलं... बघवत नव्हतं. दोन गाड्यांच्या मध्ये जेमतेम एक जागा. रिव्हर्स! मी म्हटलं, ‘घाई नको. मागची काच बघा... स्टेअरिंग पूर्ण... आता सरळ...’ आणि एका फटक्यात, कुठे ओरखडा न काढता, गाडी आत! मी ओरडलो, ‘शाब्बास!’ टाळ्या वाजवल्या हो मी! यार्डाच्या वॉचमननं वाजवल्या, हेडबाईंनीसुद्धा वाजवल्या!

मग त्यानं इंजिन बंद केलं.

तेव्हा कळलं मला. इंजिन बंद झाल्यावर. त्यानं किल्ली खिशात टाकली, खाली मान घालून म्हणाला, ‘सर, हप्ते भरलेत की मी स्वतः आणून देईन. आता येते मला चालवायला.’ मी उतरलो, दार हळूच लावलं. हेडबाईंनी उशी काखेत मारली, बसमध्ये मला खिडकीची जागा दिली आणि घरापर्यंत एकदाही परीक्षेचं नाव काढलं नाही. हेडबाईंनी! तिथंच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

दारात बायको. ‘गाडी कुठाय?’

‘नेली. फायनान्सवाल्यानं.’

‘अगं बाई! आणि तुम्ही कुठे होतात?’

आता काय सांगू? म्हटलं, ‘गाडीतच.’

ती मटकन खाली बसली. ‘अहो, मग ब्रेक तुमच्या पायाखाली होता ना? मारला का नाहीत?’

‘कसा मारणार गं?’ मी म्हटलं. ‘तो चुकला असता तर मारला असता.’