खडे खोवलेली भिंत

रविवारी आम्हा मेक्सिकोच्या लोकांना पिरॅमिड आणि संग्रहालय फुकट. त्यामुळे रांग पार जुन्या भिंतीपर्यंत गेली होती. माझ्यापुढे एक म्हातारा गवंडी आणि त्याची चाळिशीची लेक उभी होती.

“बाबा, आत गेल्यावर गाइडला शिकवायला जायचं नाही. गेल्या वेळी मला मान खाली घालावी लागली.”

“तो म्हणाला, सगळं दोन हजार वर्षांपूर्वीचं. धादांत खोटं! हा अख्खा कोपरा ढासळला होता. मी उभा केलाय, एर्मेलिंदा.”

“माहितीये हो. कळायला लागल्यापासून तेच ऐकतेय.”

“चुन्यात बारीक खडे खोवलेत, दिसतात? खोदकामाच्या साहेबांचा हुकूम होता, नवं बांधलेलं ओळखू आलं पाहिजे. जिथे खडे, तिथे आम्ही.”

“आणि घरी कोण? आई एकटी.”

“शनिवारी यायचो की.”

“यायचात आणि झोपायचात.”

“पाय भरून आलेत गं. जरा टेकतो.”

“टेकू नका, बाबा! तो बघा, रखवालदार आलाच.”

“ओ आजोबा, व्हा बाजूला! दोन हजार वर्षांची भिंत आहे ती!”

“अरे, खडे बघ, खडे...”

“बाबा, तुम्ही गप्प बसा! आणि अहो, तुम्ही कुणावर ओरडताय? मी जन्मले त्या दिवशी हा माणूस घरी नव्हता, इथे ही भिंत रचत होता. टेकू द्या त्यांना.”