बारा झाली

ताई: चार जिने चढून आले बाई. आधी पाणी द्या, मग बोलू.

आई: माठावर पेला आहे, घ्या हातानं. राग मानू नका, हातातली सुई सोडता येत नाही. पाच वाजता बटणांचे पुठ्ठे न्यायला माणूस येतो.

ताई: बटणं ठमीच्या हाती लागत नाहीत ना? एखादं तोंडात घातलं तर...

आई: डबा मांडीत, झाकण लावलेलं. एकेक काढते. तेवढी अक्कल आहे मला.

ताई: तसं नाही हो. विचारावं लागतं. अंगणवाडीतून निघाले की मुलांचा हा तक्ता भरूनच परत जायचं असतं. ठमी किती महिन्यांची झाली?

आई: वीस.

ताई: शब्द किती बोलते?

आई: एकही नाही.

ताई: आई? बाबा?

आई: बाबा तिला दिसतात रविवारी. आणि आई समोरच बसलेली असते, हाक कशाला मारेल?

ताई: मागच्या बैठकीत सगळ्या आयांना सांगितलं होतं ना, काम करता करता मुलाशी बोलत राहायचं. वाटी दाखवून वाटी म्हणायचं. चेंडू चादरीखाली लपवून शोधायला लावायचा. रोज निदान अर्धा तास...

आई: ताई, हे तुम्ही पाठ केलंय का?

ताई: आजचं नववं घर आहे. रात्री माझी मुलगी काही विचारते, तर तोंड उघडवत नाही माझ्याच्यानं.

आई: मग माझं बघा. एका पुठ्ठ्यावर बारा बटणं. मनात मोजली की चुकतात, म्हणून मोठ्यानं मोजते. अकरा लागली की तो माणूस सगळा पुठ्ठा उसवायला लावतो. मध्येच हिच्याशी बोलायला गेले की मोजणी गेलीच. तो अर्धा तास आणू कुठून?

ताई: शून्य लिहिलं तर मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल हिला.

आई: लिहा. सासूबाई तर रोज ऐकवतातच, आईच्या तोंडाला कुलूप, तर पोर काय बोलणार. खरं सांगा ताई, माझ्यामुळे मुकी राहिली का ही?

ताई: असं कुणा एकामुळे नसतं.

आई: हेही पाठ केलेलंच.

ताई: हो. हेही. हाक मारली की वळते का?

आई: दारामागून मारली तरी वळते.

ताई: मग आता काय म्हणतेय ही? तुमचा गुडघा धरून?

आई: ते होय? काही नाही, दिवसभर बाला बाला चालू असतं. माझं मोजणं ऐकून बारा म्हणते. पोपटपंची नुसती.

ठमी: बाला.

ताई: एक, दोन, तीन नाही म्हणत?

आई: नाही. फक्त बारा.

ताई: बारा झाली की तुम्ही काय करता?

आई: काय करणार? सुई टोचून ठेवते, पाठ सरळ करते. हिला उचलून खिडकीपर्यंत नेते, एक पापा घेते. मग पुढचा पुठ्ठा.

ताई: दर वेळी?

आई: तेवढीच तर फुरसत असते.

ठमी: बाला. बाला.

ताई: आत्ता किती झालीत?

आई: सात.

ताई: तिला कुठे मोजता येतंय.

आई: म्हणजे ही मला उचल म्हणते...

ताई: एकाच गोष्टीसाठी रोज तोच आवाज काढला, तर तो शब्दच. आम्हाला तसंच शिकवलंय. हे बघा, एक लिहिला. वीस महिन्यांना एक कमीच आहे, कान तपासून घेऊच. पण शून्य नाही.

आई: आणि मी तिला सारखी हात झटकून सांगते, थांब, अजून नाही झाली.

ताई: रडू नका. तक्त्यातलं बाकीचं मी पुढच्या वेळी विचारते.

ठमी: बाला.

(आई सुई पुठ्ठ्यात टोचून ठेवते.)

आई: हो गं बाई. झाली बारा. ये.