श्वास कोणी मोजायचा

नाही हो, मशीन बिघडलेलं नाही, ते असंच ठोकत असतं — मागच्या मंगळवारी मलाही वाटलं, आत कोणीतरी पत्रे बडवतोय. बसा तुम्ही निवांत. आईंचा नंबर पुढचा ना? मग वेळ आहे, आत माझी बायको आहे, विमल, आणि तिचं लवकर होणारं नाही. का म्हणजे — मागच्या वेळी फुकट गेलं ना सगळं. पित्ताचे खडे बघायला सोनोग्राफी केली, खडे राहिले बाजूला आणि लिव्हरमध्ये डाग निघाला. सुपारीएवढा. डॉक्टर म्हणाले, डाग दिसतोय पण कसला ते यात कळत नाही, एमआरआय करा, शिरेतून औषध सोडून. तुम्ही घाटावरचे, बँकेतले, तुम्हाला ठाऊक असेल — मला त्यांनी कागदावर काढून दाखवलं तेव्हा समजलं. औषध रक्तातून लिव्हरात पोचतं आणि डाग उजळतो. कडेकडेनं हळूहळू भरत आला तर ती साधी रक्तवाहिन्यांची गाठ, जन्मभर राहिली तरी काही करत नाही. आणि एकदम पेटला आणि झटकन विझला तर — तर मग ते दुसरं. नाव नाही घेत मी त्याचं.

आता ते पेटणं-विझणं पकडायचं तर फोटो नेमक्या क्षणाला पाहिजे, आणि तेव्हा पेशंटनं श्वास सोडून गप्प पडायचं. किती? वीस सेकंद. वीस सेकंदांत काय आहे सांगा — मी मालवणचा, होडी आहे माझी, विशीत खडपावरचे शिनाणे, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, काढायला बुडी मारली की दोन मिनिटं वर येत नव्हतो, बघणारे घाबरायचे. आणि माझ्या बायकोला वीस सेकंद जमेनात. फोटो सगळे हलले. डॉक्टर म्हणाले, आठ दिवसांनी पुन्हा या, तेव्हाही नाही जमलं तर सुई घालून तुकडा काढावा लागेल — आणि ती रक्तवाहिन्यांची गाठ असली तर सुईनं रक्त सुटायची भीती, तेही म्हणाले. म्हणून आजचं महत्त्वाचं. आज जमलंच पाहिजे.

जमेल. जमायला काय झालं, आठ दिवस शिकवणी चाललीय. कोणाची? माझी नाही. माझी कशाला असेल, मी नवरा. देवेश म्हणून आहे एक, तारकर्लीचा, तिच्या माहेरच्या वाडीतला, दोघं एका वर्गात होती म्हणे — तो पर्यटकांना पाण्याखाली नेतो, नळी तोंडात घालून मासे दाखवतो. त्याचीच गाडी आहे, तोच घेऊन आला आम्हाला इथं, मागच्या मंगळवारीही तोच. माणूस वाईट नाही हो. तोच तर त्रास आहे, वाईट असता तर एक दिवस बोलून मोकळा झालो असतो. तर हा रोज संध्याकाळी आमच्या पडवीत येऊन बसायचा, ती बाकावर उताणी, आणि हा मोजणार — ‘सोड गो सगळो श्वास. रव आता. एक… दोन…’ असा सावकाश, जसं काही जगात दुसरं कामच नाही. तो ‘गो’ ऐकलात? मी तिला ‘गो’ म्हणून हाक मारल्याला किती वर्षं झाली असतील, मलाच आठवत नाही. आमच्यात आपलं ‘ऐकलंस?’ एवढंच. मी आत दाराआड जाळं विणत बसायचो, म्हणजे जाळं नुसतं मांडीवर, कान बाहेर, आणि हसू नका, मीपण श्वास धरायचो त्यांच्याबरोबर. सुरुवातीला ती पंधराला सुटायची, मी तसाच पुढे, चाळीस, पन्नास, डोळ्यांपुढे काळोख यायचा. कोणाला दाखवणार होतो? कोणालाच नाही.

एकदा मी म्हटलं, त्याला कशाला रोज त्रास, मी मोजतो की. तर काय म्हणाली ठाऊक आहे? ‘तुमी मोजूक लागलास काय माझो श्वास सुटता. माका वाटता, आता कायतरी बोलतलास.’ अशी साधेपणानं म्हणाली, रागानं नाही. आणि पाणी ठेवायला आत गेली.

बोलतो मी. तोंड आहे माझं तसं. त्या मंगळवारी — तुम्हाला सांगायला काय, तुम्ही उद्या भेटणार आहात थोडेच. आत जाताना अंगावरचं सगळं धातूचं काढायला लावतात ना, मी खिडकीवर फॉर्म भरत होतो, वळून बघतो तर ही या इथंच उभी, आणि मंगळसूत्र काढून देवेशच्या हातात देतेय. पिशवीत टाकायचं, बाकावर ठेवायचं, माझी वाट बघायची — नाही, त्याच्या तळहातावर. त्यानं मूठ मिटली. आणि मी जवळ जाऊन म्हटलं — हळूच म्हटलं, कोणाला ऐकू नाही गेलं — म्हटलं, ‘बाहेर इलंस काय आता ह्येच्याच नावाचा घाल.’

तेवढ्यात तिला आत नेलं.

तर अशी गेली ती आत. डॉक्टरांनी नंतर विचारलं, मशीनला घाबरल्या का? मी हो म्हटलं. घरी आमच्या पोरींनाही तेच सांगितलं, आई मशीनला घाबरली. रडणाऱ्या माणसाला श्वास धरता येतो का हो? नाही येत. मला कळतं ते, मी पाण्यातला माणूस. आणि आज ती मंगळसूत्र घरीच काढून आली, देवापुढे. मोकळ्या गळ्यानं बसली गाडीत, म्हणजे कोणाच्या हातात द्यायचा प्रश्नच नको. मी मुद्दाम खिसा रिकामा ठेवला होता.

थांबा, ठोकायचं बंद झालं. झालं वाटतं. ते मशीनवाले बाहेर आले बघा. अहो, झालं का? — काय? औषध सोडलंच नाही अजून? का? — नुसत्या सरावालाच श्वास सुटतोय? अहो, घरी पंचवीसपर्यंत जात होती, मी ऐकलंय स्वतः. तुम्ही माईकवरून हिंदीत सांगत असाल. — मराठीतच सांगता. मग? — कोणाला? कोणाला बोलवा म्हणते? — हो. आहे. आहे तो. नातेवाईक — हो, नातेवाईकच म्हणा. माईकवरून नुसतं मोजायचं ना त्यानं? मी मोजलं तर — नाही. नाही, राहू दे. दोन मिनिटं द्या आम्हाला. औषध सोडू नका तोवर.

ऐकलात ना? खाली पांढरी गाडी आहे, मीच त्याला सांगितलं होतं, तू गाडीतच बस. जावा तुम्ही, तेवढं करा. माझे पाय नाही निघत. निळा शर्ट, दाढी आहे. देवेश म्हणून हाक मारा, म्हणावं वर ये लगेच, मोजूक ये. आणि ऐका — तिनां बोलावल्यान असां सांगू नकात. मी बोलवलंय म्हणान सांगा. जावा.