राखीव खुर्ची

— हो हो, मीच तो. सकाळी मेट्रोत राखीव जागेवर बसलेला. आता अंगात जाकीट आहे म्हणून ओळखलं नाहीत — डोळे फाडून काय बघताय आजोबा, या देगूच्या स्टेशनात तक्रारीचे अर्ज मीच घेतो. आत या, बसा, खुर्ची एकच आहे. चष्मा घरी राहिला? मग सांगा, मी लिहितो. माझ्याविरुद्धचा अर्ज माझ्याच अक्षरात — होऊन जाऊ दे.

नाव ग्वोन दो-ह्यून. वय बावीस. शिक्षण — कॉलेज दुसऱ्या वर्षी सोडलं. गुन्हा — म्हाताऱ्यांच्या जागेवर बसला, ‘ऊठ’ म्हटल्यावर उठला नाही, वर ‘तूच उभा राहा की’ म्हणाला. ऐंशीच्या माणसाला अरे-तुरे! हे ठळक लिहितो, बसण्यापेक्षा याचीच शिक्षा मोठी. आणि तुम्ही काठी हाणलीत ती? तिला रकाना नाही. डोंगर चढायची काठी, पायात डोंगरी बूट — फालगोंगचा कडा चढणार, उतरून दोन वाट्या तांदळाची दारू ढोसणार — आणि डब्यात पाय ठेवला की लगेच अशक्त! एका हातानं मनगट धरून उठवलंत मला. हे बघा, वळ. मला सुटता आलं नाही. मग दुबळा कोण, आँ? पण नाही — केस पांढरे दिसले की पुढे कोण मोजतंय!

मला मात्र मोजलंय. सरकारनं मोजलंय. सक्तीच्या सैन्यभरतीच्या तपासणीत चौथी श्रेणी — हृदयाची झडप गळते. म्हणून सैन्याऐवजी स्टेशनात सेवा, बंदुकीऐवजी हे जाकीट, आणि तुमच्यासारख्यांच्या पिशव्या जिन्यावरून वाहायच्या. विसाव्या पायरीला धाप लागते, तर वर आजीबाईच विचारतात, जवान पोरगं आणि एवढ्यात दमलं? श्रेणी काय कपाळावर चिकटवून फिरू?

अकरा दिवस राहिलेत माझ्या सेवेचे. तक्रार गेली की पाच वाढतात. वाढू देत, मला काय — फक्त सुटायच्या दिवशी, बारा तारखेला, घरी जेवण आहे. काका, आत्या, सगळे. मांस भाजणार, पोरगा सीमेवरून सुटून येतोय म्हणून. हो, सीमेवरून! बाबांनी पावणेदोन वर्षं हेच सांगितलंय सगळ्यांना. उसना गणवेश घालून माझा फोटो काढला, बैठकीत टांगला. ‘छाती काढ,’ म्हणाले. काढली. आणि दिवस वाढले तर त्या दिवशी सीमेवरचा जवान इथे लिफ्टचं बटण दाबत उभा असेल — हे तुम्हाला कशाला सांगतोय मी? तुमच्या वयाचे सगळे सारखेच. अंगात ताकद नसेल तर उसनी आणा, पण चारचौघांत दाखवा!

झालं. इथे सही. का थांबलात? मनगट धरताना तर थांबला नव्हतात. — अहो, पेन का ठेवलंत? उठताय कशाला? — नाही. खुर्ची माझ्याकडे सरकवू नका. ठेवा ती जाग्यावर. मला उभं राहता येतं. सही करा, आजोबा. सही करा आणि निघा.