बाबा अकरावे कसे झाले

...नाही, चूक माझीच, शंभर टक्के माझीच, मी कुठे नाही म्हणते? पण म्हणून सख्ख्या बापाने भर दवाखान्यात, चाळीस माणसांसमोर, छाती पुढे काढून सांगायचं, "हे मशीन माझ्या मुलीने केलंय"? आणि तेही कधी, तर त्याच मशीनने सकाळी सकाळी त्या चाळीस जणांचे नंबर उलटेपालटे करून ठेवलेले असताना! सगळ्यांनी माना वळवल्या हो. निम्म्यांना धड दिसत नव्हतं, डोळ्यांचाच दवाखाना तो, पण मला मात्र सगळ्यांनी बरोबर शोधून काढलं!

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही पण त्यांच्याच बाजूचे व्हाल.

आमचं ऑफिस म्हणजे पाच टेबलं, सहा माणसं आणि एक पंखा, जो फक्त साहेबांना वारा घालतो. दुकानं, शाळा, दवाखाने, कुणाला काय हवं ते प्रोग्राम आम्ही लिहून देतो. तर या डोळ्यांच्या दवाखान्याला हवी होती मोतीबिंदूच्या ऑपरेशनची यादी. तोवर काउंटरवरच्या ताई एका लांबलचक वहीत नावं लिहायच्या. जो आधी आला तो वर, नंतरचा खाली. संपलं! ताई म्हणाल्या पण बिचाऱ्या, "वहीत काय वाईट होतं?" त्यावर आमचे साहेब, "अहो ताई, जग कुठे चाललंय!" जग कुठे चाललंय ते साहेबांना कधीच माहीत नसतं, पण वाक्य तयार असतं.

आता यादी ठेवायला आम्ही वापरतो मॅप. नकाशा नव्हे हो, नाव तेवढं तसं आहे. एका बाजूला खूण, दुसऱ्या बाजूला माल. खूण सांगा, माल घ्या. मी खूण ठेवली मोबाइल नंबर. नंबर टाकला की माणूस समोर हजर: नाव, वय, डावा डोळा की उजवा, साखर किती, सगळं! लाख माणसं भरा, हा गडी शोधत बसत नाही, थेट जाऊन उचलून आणतो. हुशार, फार हुशार! फक्त त्याला एक विचारू नका. आधी कोण आलं, ते विचारू नका! कारण तो माल ठेवतो स्वतःच्या सोयीने. पहिला आलेला कोपऱ्यात, कालचा आलेला दारात. आमच्या आईचं स्वयंपाकघर तसंच आहे. डोळे मिटून म्हणाल तो डबा काढून देईल, पण हा डबा आधी घेतला होता की तो, असं विचारा, म्हणेल, "तुला हवं ते मिळालं ना? मग झालं तर!"

अहो, पण दवाखान्यात मुळात तेवढंच तर विचारतात! आधी कोण आलं?

तुम्ही म्हणाल, वीस वर्षं हे काम करतेस, तुला ठाऊक नव्हतं? होतं हो! दुसऱ्या जातीचा मॅप असतो, तो येणाऱ्या प्रत्येकाला मागच्याशी दोरीने बांधत जातो, मग दोरी धरून चालत गेलं की आले त्याच क्रमाने सगळे मिळतात. मला ठाऊक होतं. पण मी आधी साधाच घातला, आणि तपासताना... खरे मोबाइल नंबर कोण टाइप करणार? दहा-दहा आकडे! मी नंबराच्या जागी टाकलं एक, दोन, तीन, चार, असं बारापर्यंत. आणि यादी आली कशी? एक, दोन, तीन, चार! छोटे आकडे दिले की हा लबाड योगायोगाने ओळीत उभा राहतो, शाळेत तपासनीस आले की वर्ग राहतो ना, तसा. मला वाटलं झालं काम. साहेबांना वाटलं झालं काम. पेढा तेवढा राहिला होता वाटायचा.

आणि सोमवारी खरे नंबर भरले!

वहीत जे आजोबा पहिले होते ते स्क्रीनवर सदतिसावे. आणि आदल्या दिवशी नाव घातलेला एक टकलू गृहस्थ पहिला! तो इतका खूश, इतका खूश, की तिथल्या तिथे बायकोला फोन, "अगं, इथे फार शिस्त आहे!" ताईंनी माझ्याकडे फक्त बघितलं. हळूच खण उघडला आणि वही काढून टेबलावर ठेवली. आणि नेमक्या त्याच क्षणी तिसऱ्या खुर्चीवरून आवाज आला... "हे मशीन माझ्या मुलीने केलंय!"

आता बाबांबद्दल सांगायला हवं. आमचे बाबा घड्याळ दुरुस्तीवाले. अडतीस वर्षं एका काचेच्या पेटीमागे, डोळ्याला भिंग लावून. आलेल्या प्रत्येक घड्याळाला चिठ्ठी बांधायची, चिठ्ठीवर नंबर, आणि नंबर आला की मगच ते घड्याळ उघडायचं. सख्ख्या मेव्हण्याचं घड्याळ नऊ दिवस पडून होतं. मामा म्हणाला, "दाजी, मी घरचा माणूस!" बाबा म्हणाले, "तू घरचा, घड्याळ बाराव्या नंबरचं." मामाने पुढे दोन वर्षं वेळ विचारायची झाली तरी रस्त्यावरच्या माणसाला विचारली.

तर त्या भिंगवाल्या डोळ्यात मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, पण उजवा पार पिकलेला. गॅस पेटलाय की नाही, ते हात जवळ नेऊन बघायचे हो. एकदा बाहीला चटका बसला तर आईला म्हणाले, इस्त्रीचा डाग आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फार थांबू नका. आणि त्या स्वतः दिवस भरत आलेल्या, पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी एकदाच बारा ऑपरेशनं केली की चार महिने रजेवर! त्या गुरुवारच्या पहिल्या बारात बाबा आले तर आले, नाहीतर चार महिने अंधार. एवढंच होतं सगळं. मला दुसरं काही नको होतं.

मंगळवारी मी मॅप बदलला. एक शब्द! साधा काढला, दोरीवाला घातला. साहेब म्हणाले, "एका शब्दाला तू आख्खा दिवस घेतलास?" म्हटलं, साहेब, शब्द लिहायला दोन सेकंद लागतात, कुठला लिहायचा ते समजायला दिवस लागतो. ताईंनी वही समोर ठेवून पुन्हा एकेक नाव भरलं, आणि काय यादी आली म्हणता! जश्शीच्या तश्शी वही! आधी कोण आलं? विचारा ना आता, खुशाल विचारा! बाबा चौदावे. चौदा म्हणजे गुरुवार हुकला, माझं तोंड उतरलं. पण शुक्रवारी बघते तर बाबा अकरावे! म्हटलं वा, यादी सरकतेय. कुणीतरी दुसरीकडे गेलं असेल, कुणाचा विचार बदलला असेल. खरं सांगते, मी चौकशी केली नाही. आपल्या माणसाचा नंबर पुढे गेला की चौकशी करायला सुचतं का हो कुणाला?

शनिवारी सकाळी आईचा फोन. "अगं, हे दवाखान्यात गेले होते. ह्यांचा मोबाइल नंबर चुकीचा लागला होता म्हणे, शेवटचा आकडा. नीट करून आले." म्हटलं, छान. सहज यादी उघडली.

बाबा चौसष्टावे!

तीनदा बंद करून उघडली, तरी चौसष्ट. मग लक्षात आलं आणि कपाळाला हात लावला. अहो, मोबाइल नंबर म्हणजे खूण! माल बदला, वय बदला, साखर बदला, माणूस आपल्या जागी राहतो. पण खूणच बदलायची म्हणजे जुनी खोडायची आणि नवीन लिहायची. आणि नवीन लिहिलं की तो गेला दोरीच्या शेवटाला! मॅपच्या लेखी ते बाबा नव्हतेच, नवीन गृहस्थ, आत्ता दारातून आलेले. आधी कोण आलं? त्याच्या हिशोबाने हे सगळ्यांत शेवटी आले! आणि हे सगळं लिहिलं कुणी? मीच!

वाटेत बाबांना घेतलं आणि धावत दवाखान्यात गेले. म्हटलं दोन मिनिटांचं काम, बाबांना उचलायचं आणि अकराव्या जागी ठेवायचं. बोट बटणावर, इतक्यात शेजारून बाबा, "काय करतेस?"

"तुमचा नंबर नीट करतेय. अकरावा."

"मी अकरावा कुठे होतो? मी चौदावा. पहिल्या दिवशी ताईंना विचारलं होतं मी. माझ्या पुढचे तिघे कुठे गेले?"

अहो, कुठे गेले? त्यांनी पण बिचाऱ्यांनी आपापले मोबाइल नंबर दुरुस्त करून घेतले होते! तिघेही तळाला, बासष्ट, त्रेसष्ट आणि एक कुठेतरी एकोणसाठ. म्हणून बाबा अकरावे झाले होते! एक बाई तर दोन बसेस बदलून येणाऱ्या, तीन महिन्यांपासून नाव घातलेलं.

मी म्हटलं, "बाबा, त्यांचं मी नंतर बघते."

"आधी त्यांचं बघ."

"बाबा, त्यांना वर घेतलं की तुम्ही चौदा! गुरुवारी बाराच होणार! मग चार महिने! तुम्हाला गॅस दिसत नाही, जिना दिसत नाही, परवा माझ्याच मुलीला तुम्ही 'या, बसा' म्हणालात!"

शांतपणे म्हणाले, "आणि त्या तिघांना दिसतं का?"

मला रडू आलं हो, तिथेच, काउंटरला टेकून. राग पण आला होता, मान खाली घालावी असं पण वाटत होतं, आणि खरं सांगू? अभिमान पण वाटत होता, आणि त्याचाच जास्त राग येत होता. ताईंनी वही माझ्याकडे सरकवली. वहीवर बोट ठेवून मी तिघांना त्यांच्या त्यांच्या जागी ठेवलं, एकेकाला. शेवटी बाबा, चौदावे. आणि जाता जाता मोबाइल नंबर खूण म्हणून काढून टाकला, त्याजागी फाइल नंबर घातला. फाइल नंबर काही कुणी बदलत नाही. झाली पक्की सोय, असं वाटलं.

गुरुवारी बाबा तरीही जाऊन बसले. म्हटलं, "चौदावे तुम्ही, बसून काय होणार?" म्हणाले, "नंबर लावलाय तर हजर राहायला नको?" आणि तुम्हाला सांगते, एका आजींची साखर वर गेली आणि वहीतले पहिले आजोबा, तेच ते, तापाने फणफणले! दोघं गळले, बाबा बारावे! मी आनंदाने उडी मारायची बाकी होते, आणि हे आत जाता जाता ताईंना सांगतात, "त्या दोघांची जागा राखून ठेवा हं, शेवटी नका टाकू!"

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, काय दिसतंय?" बाबांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं, मग भिंतीकडे, आणि म्हणाले, "तुमचं घड्याळ चार मिनिटं पुढे आहे." आई रडायला लागली, मी रडायला लागले, डॉक्टरीणबाई घड्याळ बघायला लागल्या.

इथे संपायला हवं होतं की नाही? सांगा! पण माणसाला डोळे दोन!

चार महिन्यांनी डॉक्टरीणबाई परत आल्या, म्हणाल्या, आता डावा डोळा. बाबा एकटे गेले, आता दिसत होतं ना! ताईंनी तोच फाइल नंबर टाकला, "डावा" लिहिलं, बटण दाबलं. बाबा खुर्चीवर बसले आणि समोरची स्क्रीन वाचायला लागले, पहिल्यांदाच, स्वतःच्या डोळ्याने. आणि वाचलं काय? तर पहिल्या नंबरावर स्वतःचं नाव! नव्वद माणसं खाली!

काय झालं होतं, सांगू? झालेल्या माणसाला आम्ही यादीतून काढत नाही, फक्त "झालं" अशी खूण करून स्क्रीनवरून लपवतो. फाइल नंबर तोच, म्हणजे मॅपच्या लेखी माणूस जुनाच, जागा जुनीच! मागच्या खेपेचे सगळे लपलेले, त्या राहिलेल्या दोघांचंही डॉक्टरीणबाईंनी आल्या आल्या करून टाकलेलं, आणि बाबा एकटेच त्यांच्यातून वर आलेले. आधी कोण आलं? हे आले की हो, चार महिन्यांपूर्वीच! इमानदार मॅप, माझ्या बापापेक्षा इमानदार!

बाबा असे उठले, जणू कुणी भर सभेत चोर म्हटलं. "ताई, हे चुकलंय."

"काका, मशीन म्हणतंय तुम्ही पहिले. डॉक्टर बोलावतायत, चला ना!"

"मशीन माझ्या मुलीचं आहे, मला त्याच्या खोडी माहीत आहेत. मला पूर्ण खोडा आणि परत लिहा."

आणि खोडायला लावलं हो! ऑफिसात माझ्या मोबाइलवर मेसेज, "आपल्या रुग्णाचे नाव यादीतून कायमचे काढण्यात आले आहे." रडत रडत घरी फोन केला तर पलीकडून हे स्वतःच, "अगं, जमलं! एक्क्याण्णववा!"

आता मी तेही दुरुस्त केलंय. प्रत्येक डोळ्याला वेगळी खूण दिलीय, आता काही म्हणजे काही चुकत नाही. पण बाबांचा विश्वास उडाला तो उडालाच. त्या एका चांगल्या डोळ्याने रोज सकाळी चालत जातात, स्क्रीनसमोर उभे राहून सगळी यादी मोजतात, आणि घरी येऊन मला फोन करतात... मी चुकून त्यांना पुढे तर नाही ना सरकवलं, ते विचारायला!